न आलेला आवाज

१२ नोव्हेंबर १९८६

आज गार्थ डेन्मार्कला गेला. प्रोव्होला मंडळीच्या प्रचारकांच्या शाळेत दोन महिने भाषा शिकून झाली, आता दोन वर्षं तिकडे दारोदार फिरून प्रभूचा शब्द सांगायचा. कोटाच्या खिशावर काळी पट्टी : एल्डर बियरगार्ड. एकोणीस वर्षांचा पोरगा आणि एल्डर, म्हणजे वडीलधारा! सॉल्ट लेकच्या विमानतळावर मी हसून घेतलं. आठवड्याला एक पत्र, आणि फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. तसाच नियम आहे.

आर्विड लेकाला म्हणाला, "माझ्या पणजोबाने ह्याच पंथापायी डेन्मार्कातलं जटलंड सोडलं, बोटीवर दोन पोरं गमावली. आणि तू परत तिकडेच निघालायस. त्यांना सांग, हिशेब फिटला."

गार्थ हसला नाही. आत जायच्या आधी त्याने मला बाजूला घेतलं. "आई, तुला कसं गं कळलं? म्हणजे, हे सगळं खरं आहे ते?"

"कळतं. तू जा, तुलाही कळेल."

"पण कसं कळतं?"

तेवढ्यात त्यांची रांग हलली. बरंच झालं.

बिशप सांगतात, दैनंदिनी ठेवा, पुढच्या पिढ्या वाचतील. ती मी निळ्या वहीत ठेवते, तिच्यात चांगलं चांगलं लिहिते. ही वही वेगळी. ही शिवणाच्या डब्यात तळाशी असते.

७ डिसेंबर

महिन्याचा उपासाचा रविवार. ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची. मी उठले. "मला ठाऊक आहे की देव आहे, मला ठाऊक आहे की ही मंडळी खरी आहे," नेहमीचंच बोलले, आणि शेवटी गार्थचं नाव घेतलं. लारू ढसाढसा रडली. शेजारीण म्हणून चांगली आहे, पण रडायला तिला फार काही लागत नाही.

गार्थची पत्रं छान येतात. ऑलबॉर्गला आहे. लोक दार उघडतात, कॉफी विचारतात, आपल्यात ती वर्ज्य म्हणून हा नको म्हणतो, मग ते दार लावतात. कॉफी घेतली असती तर निदान बसवलं तरी असतं, असं आर्विड म्हणाला. मी त्याला गप्प केलं.

२ फेब्रुवारी १९८७

आजचं पत्र आर्विडला दाखवलं नाही.

"आई, मी रोज पन्नास दारं वाजवतो आणि पन्नास वेळा सांगतो, मला ठाऊक आहे. डॅनिशमध्ये ते फार सोपं वाक्य आहे, आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पण मला ठाऊक नाही. कधीच नव्हतं. मला वाटलं होतं इथे येऊन कळेल. काल एका म्हाताऱ्याने विचारलं, तुला ठाऊक कसं रे? आणि मी खाली पाहिलं. खोटं बोलत राहण्यापेक्षा घरी यावं असं वाटतं. तुला कसं कळलं ते मला सांग. खरंच सांग. त्यावर मी ठरवीन."

दोन वर्षं पुरी न करता परत आलेला मुलगा म्हणजे काय, ते मला माहीत आहे. गावातल्या ह्यूबर्टच्या घरी झालंय ते. बारा वर्षं झाली, अजून लोक त्या पोराशी फक्त हवेपाण्याचं बोलतात.

४ फेब्रुवारी

लिहिलं.

गार्थ सहा आठवड्यांचा असताना त्याला डांग्या खोकला झाला होता. बर्फाने रस्ता बंद, डॉक्टर दूर मॅन्टाय गावाला. दुपारभर मी त्याला घेऊन न्हाणीघरात बसले होते. नळ गोठलेला, म्हणून आर्विड स्वयंपाकघरातून उकळत्या किटल्या आणून टबमध्ये ओतत होता, वाफेसाठी. पोर निळं पडत होतं. चारच्या सुमाराला खोकला सैल झाला आणि ते झोपलं. एवढं खरं.

पत्रात मी लिहिलं की मी गुडघे टेकले, प्रार्थना केली, आणि आवाज आला. स्पष्ट. "हा जगेल, याच्याकडून मला काम आहे." आणि त्या क्षणी खोकला थांबला. "तेव्हापासून मला ठाऊक आहे," असं लिहिलं.

आवाज असा आला नव्हता. पण मूल वाचलं ना? कोणीतरी वाचवलंच ना? मी फक्त त्याला शब्द दिले. त्या दुपारी माझ्या मनात खरं काय होतं, ते कुठल्या आईने मुलाला लिहावं असं नाही.

पत्र टाकून आले. हलकं वाटतंय.

१ मार्च

त्याचं पत्र! दोनदा मोठ्याने वाचलं. "आई, एवढी गोष्ट वीस वर्षं पोटात ठेवलीस? तुझं पत्र मी खिशात ठेवतो. आता दार उघडलं की मी माझं नाही सांगत, तुझं सांगतो. लोक ऐकतात गं. मी राहतो आहे."

राहतो आहे! मी लारूकडे धावत गेले. तिने विचारलं, कुठली गोष्ट? मग तिला सांगावी लागली.

१५ मार्च

बिशप ओल्सननी बायकांच्या सभेत गोष्ट सांगायला लावली. सांगताना मला वाफेचा वाससुद्धा आला. आता मी स्वतःला विचारलं तर खात्रीने सांगता यायचं नाही, की काहीच ऐकू आलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वीचं कोणाला नीट आठवतं?

संध्याकाळी आर्विड आमच्या टर्की कोंबड्यांच्या शेडमधून आला, हात धुतले, दूध ओतून घेतलं.

"लारूचा नवरा भेटला होता. तुला आवाज आला होता म्हणे. न्हाणीघरात."

"हं."

"मी किटल्या आणत होतो, त्या दिवशी."

"तू बाहेर गेला असशील तेव्हा."

त्याने दुधाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "कसा होता?"

"काय कसा होता?"

"काही नाही," म्हणाला. ग्लास विसळून ठेवला आणि परत शेडमध्ये गेला. संशय आला असणार. मी विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

११ एप्रिल

टर्कीची नवी पिल्लं आली, चार हजार. कानाला दडे बसतात. आर्विड हल्ली शेडमधून लवकर येतच नाही. आज जेवायला बोलवायला गेले, तर मागच्या कोपऱ्यात खाद्याच्या गोणीवर गुडघे टेकून, टोपी काढून बसलेला.

"काय शोधतोयस?"

दचकला. "खिळा पडला होता."

साठीला आला. गुडघ्यांची काळजी नाही. उद्या मलम आणते.

२८ एप्रिल

गार्थ एका बाईबद्दल लिहितो. बिर्टे. मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला, नवरा सोडून गेलेला. पाच वर्षांची मुलगी आहे, सिग्ने, तिला रक्ताचा आजार. "आम्ही दार वाजवलं तेव्हा ती म्हणाली, देवाचं काही सांगायचं असेल तर चालते व्हा. मग मी तुझी गोष्ट सांगितली. तिने आत घेतलं. आई, आज इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी उपयोगाचा आहे असं वाटलं."

एका आजारी पोरीच्या आईला आधार झाला. यात वाईट काय आहे?

१० मे

मातृदिन. फोन आला, अकरा मिनिटं. आवाज जाड झालाय. बोलताना मध्येच शब्द डॅनिश. "सिग्ने इस्पितळात आहे. आम्ही रोज जातो. बिर्टे विचारत होती, तुला पत्र लिहिलं तर चालेल का?"

"लिहू दे की," मी म्हटलं. काय म्हणणार?

आर्विडला फोन दिला, तर तो नुसता, "बरा आहेस ना? बरा आहेस ना?"

१९ मे

तिचं पत्र आलं. वहीतला रेघांचा कागद, शब्द कोशातून काढून एकेक मांडलेले.

"प्रिय बाई, माझं इंग्रजी शाळेतलं आहे, माफ करा. अवघड जागा आली की तुमचा मुलगा वाचून दाखवतो. माझी सिग्ने बरी होत नाही. डॉक्टर आता कमी बोलतात. मी पूर्वी प्रार्थना करत नव्हते. आता अकरा दिवस करते आहे. काही ऐकू येत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. आवाज कानात येतो की डोक्यात? तुम्ही आधी किती वेळ गुडघ्यावर होता? उपास होता का? सिग्नेच्या खोलीत यंत्राचा आवाज आहे, म्हणून मी खाली प्रार्थनेच्या खोलीत जाते, तिथे शांत आहे. ते बरोबर आहे का? मी सिगारेट सोडली. कॉफी पण. माझं काय चुकतं ते सांगा. लवकर लिहा. बिर्टे."

पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलंय.

२१ मे

उत्तर लिहायला बसले. "देवाची वेळ आपल्या हातात नसते." फाडलं.

२५ मे

थडगी साफ करायचा दिवस. आईच्या थडग्यावर पिओनीची फुलं ठेवली. आज आई असती तर तिला विचारलं असतं. काय म्हणाली असती तेही ठाऊक आहे : लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकू नकोस, आपल्याही फेकू नकोस. बिर्टेला लिहिलं नाही.

२८ मे

बिशपना विचारावं म्हणून त्यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानापर्यंत गेले; आमच्यात बिशप आपला धंदा सांभाळूनच बिशप असतात. ते म्हणाले, "सिस्टर बियरगार्ड! तुमची गोष्ट मी परवा मोठ्या सभेत सांगितली, चारशे माणसं होती." मी खिळ्यांचं पुडकं घेऊन परत आले.

२ जून

आज लिहिलं. सकाळी सहाला बसले, नऊला उठले. काय लिहिलं ते इथेही उतरवून ठेवते, म्हणजे पुन्हा बदलायला नको.

"बिर्टे, तुझं काही चुकत नाही. आवाज आला नव्हता. मी गुडघेसुद्धा टेकले नव्हते. मी टबच्या काठावर बाळ घेऊन बसले होते आणि प्रार्थना सुचत नव्हती. मी विचार करत होते, याला पुरताना काय घालायचं. नामकरणाचा पांढरा झगा होता, माझ्या आईने विणलेला. तो घालायचा, की पुढच्या बाळासाठी ठेवायचा? बाळ जिवंत होतं, माझ्या मांडीवर श्वासासाठी तडफडत होतं, आणि मी झग्याचा विचार करत होते. मग त्याचा खोकला सैल झाला. का, ते मला ठाऊक नाही. खालच्या खोलीत जाऊ नकोस. सिग्नेजवळ बस. माझ्या मुलाला यातलं काही सांगू नकोस, त्याचा सगळा भार या गोष्टीवर आहे. मी त्याला सवडीने सांगेन. मला क्षमा कर."

पत्र टाकायच्या आधी शेडमध्ये जाऊन आर्विडला सांगितलं. पिल्लांच्या कलकलाटात ओरडून सांगावं लागलं. "आवाज आला नव्हता! तुला ठाऊकच होतं ना!"

तो पाण्याची बादली घेऊन उभा. "नाही," म्हणाला.

"तू तर तिथेच होतास."

"मला नाही आला. पण मला नाही आला म्हणून तुला आला नसेल असं थोडंच आहे?" त्याने बादली खाली ठेवली. "मला वाटलं, निदान या घरात एकाला तरी आला."

रागावेल असं वाटलं होतं, पण रागावला नाही. आज जेवायला आलाच नाही, भूक नाही म्हणाला. रात्री पलंगाशी गुडघे टेकायचेही विसरला. थकला असेल.

२४ जून

बिर्टेचं पत्र.

"प्रिय बाई, सिग्ने चार जूनला गेली. तुमचं पत्र अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी आलं. शब्द माझ्या डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून मी तुमच्या मुलाला वाचायला सांगितलं. त्याने सगळं वाचलं. त्याला सांगू नकोस असं लिहिलेलं पण वाचलं. मग पुढचं पण वाचलं.

मी शेवटचे पंधरा दिवस खूप वेळ खाली होते. सिग्ने नर्सला विचारायची, आई कुठे? नर्स सांगायची, आई देवाशी बोलते. ती गेली तेव्हा मी खालीच होते.

मी सुद्धा फ्रॉक निवडला होता. पिवळा. तीन आठवड्यांआधी. मला वाटलं, असा विचार करते म्हणून मला आवाज येत नाही. तुम्ही पण केला हे कळलं, ते बरं झालं. पण ते आधी कळायला पाहिजे होतं. बिर्टे."

एकोणीस मे ते दोन जून. चौदा दिवस पत्र पिठाच्या डब्यामागे होतं.

निळ्या वहीत आज काही लिहिलं नाही.

९ जुलै

गार्थचं पत्र, चार ओळी. "मी इथल्या मिशनच्या प्रेसिडेंटना सांगितलं की मला ते वाक्य आता म्हणता येणार नाही. ते चांगलं वागले. तीस तारखेला सॉल्ट लेकला पोचतो. बाबांना न्यायला सांग. गार्थ."

बाबांना.

१२ जुलै

बातमी फुटली. लारू ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल घेऊन आली, कोणी मेल्यावर नेतात तसलं.

"हवा मानवली नाही का गं त्याला? तिकडे फार दमट असतं म्हणे. आपण सांगू, छाती बिघडली. लोक समजून घेतील."

तोंडाशी आलं होतं, हो म्हणून. सोपं होतं.

"छाती ठणठणीत आहे त्याची," मी म्हटलं. "माझ्यामुळे परत येतोय. मी त्याला खोटं लिहिलं. आवाजाचं."

तिने डिश टेबलावर ठेवली. "सभेत सांगितलंस तेही?"

"तेही."

"नेड्रा, मी माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं होतं ते. तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आधी." ती रडली नाही. डिश तशीच टाकून निघून गेली.

१९ जुलै

बिशपकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "गोष्ट खोटी असेल, सिस्टर, पण तिच्यामुळे किती जणांची श्रद्धा वाढली ते बघा. चारचौघांत काढायची गरज नाही." मी म्हटलं, एक बाई खालच्या खोलीत बसून राहिली. त्यांना कळलं नाही. सगळं सांगितलं. मग ते टेबलावरचा कागद सरळ करू लागले.

३० जुलै

आला. बारीक झालाय. विमानतळावर त्याला काय विचारलंस, असं मी आर्विडला विचारलं. "काही नाही विचारलं. येताना दोघांनी हॅम्बर्गर खाल्ले."

गार्थने माझ्या गालाला गाल लावला. "कशी आहेस?" पाहुण्यासारखं.

३ ऑगस्ट

जर्दाळू डब्यात भरायचे होते, तीन पेट्या. तो न सांगता येऊन बसला आणि बिया काढायला लागला. तासाभरात एक पेटी संपली.

मग मान वर न करता म्हणाला, "सिग्नेला माझं नाव म्हणता येत नव्हतं. गॉट म्हणायची. मी तिला टर्कीचा आवाज काढून दाखवायचो."

"गार्थ, मी..."

"मला बोलू दे. शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ होतो. बिर्टेला वर बोलवू का म्हणून दारापर्यंत गेलो. मग वाटलं नको, एखादे वेळी आत्ताच आवाज येत असेल. आणि मी परत येऊन बसलो."

मी हातातली सुरी खाली ठेवली.

"हे मी बिर्टेला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "तुलाच सांगतोय."

जवळ घ्यायला गेले तर त्याने बिया असलेलं भांडं मध्ये धरलं, मुद्दाम नव्हे, हातात होतं म्हणून. मी परत बसले. तो पुढे म्हणाला, "तो झगा. ते मला का नाही लिहिलंस? फेब्रुवारीत?"

"ते काय लिहायचं? तू म्हणाला असतास, ही कसली आई."

"म्हणालो असतो, माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं आणि ती तरी बसून राहिली. मग मीही राहिलो असतो, आई. त्यावर राहिलो असतो."

साखरेचा पाक उतू गेला. दोघं उठलो.

६ सप्टेंबर

उपासाचा रविवार. गार्थ आला नाही. मी उठले, पुढे गेले, माईक धरला. लोक वाट बघत होते. मी म्हटलं, "मार्चमध्ये मी इथल्या बायकांना एक गोष्ट सांगितली होती. ती खरी नव्हती." एवढंच. परत येऊन बसले. आमच्या बाकावर कोणी सरकून जागा दिली नाही, आर्विडनेच पाय आत घेतले. थोड्या वेळाने त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता.

१४ सप्टेंबर

गार्थ सकाळच्या बसने बॉयझीला गेला, थोरलीकडे, जोलीनकडे. तिच्या नवऱ्याने लाकडाच्या वखारीत काम बघितलंय. परत कधी येणार ते मी विचारलं नाही. बस सुरू झाल्यावर त्याने काच खाली केली.

"पत्र लिही."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

बस वळेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

बिर्टेला मी जुलैपासून तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. येईल असं वाटत नाही. आज तिला लिहिलं नाही, तिला त्रास देऊ नये.

२० सप्टेंबर

गार्थला पहिलं पत्र लिहिलं. जेमतेम अर्धं पान भरलं. एरवी मी तीन पानं लिहायचे.

"प्रिय गार्थ, वादळात अडतीस टर्की मेल्या. घाबरून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढल्या आणि खालच्या गुदमरल्या. तुझे बाबा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. लारूने मला दुकानात बघून न बघितल्यासारखं केलं. बाबांनी रविवारी देवळात यायचं सोडलंय, मला सोडायला येतात आणि गाडीत बसून राहतात. का ते मी विचारलं नाही, मला वाटतं मला ठाऊक आहे. आज सकाळी मी प्रार्थनेला बसले. सिग्नेचं नाव घेतलं. काही ऐकू आलं नाही. गुडघे दुखायला लागले, तरी थोडा वेळ बसले. तुझी आई."